सही कोणाची, संमती कोणाची

वयस्कर रुग्णाला तपशील सांगून घाबरवू नये, निर्णय मुलांनी व डॉक्टरांनी घ्यावा, हे मत काळजीपोटी मांडले गेले असले तरी मला ते पटत नाही. माझ्या ८१ वर्षांच्या वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी डॉक्टर माझ्याशीच बोलत होते आणि वडील शेजारी एक्स-रेचे पाकीट मांडीवर धरून मुकाट बसले होते. त्यांनाच विचारा, असे मी सुचवल्यावर कळले, की पहाटे कोणाला न उठवता न्हाणीघरापर्यंत जाता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मग डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. वेदनाशामक गोळ्यांचा मूत्रपिंडांवर होऊ शकणारा परिणामही तेव्हाच बोलला गेला (ते फार बरे झाले), आणि व्यायाम व काठीवर सहा महिने काढून पाहायचे, असे तिघांनी मिळून ठरवले.

कायद्याची दिशाही हीच आहे. समीरा कोहली प्रकरणात सज्ञान रुग्णा भुलेखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमती, जिवावरची तातडी नसल्यामुळे, सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ग्राह्य मानली नाही. स्मृतिभ्रंश बळावलेला असेल तर नातेवाइकांना पुढे यावेच लागते. परंतु केवळ ऐकू कमी येते म्हणून कोणाला वगळणे मला अन्यायाचे वाटते.