मांजराला घेऊन बाहेर पडताना: सुरुवातीचे दिवस कसे गेले? (अनुभव धागा)

चिंगीची आई

चिंगीला पहिल्यांदा हार्नेस (दोरी अडकवायला छाती-पोटाभोवती बांधायचा पट्टा) घातला तेव्हा ती जमिनीवर आडवी झाली ती उठेचना. पाठीला काही दुखापत झाली की काय, म्हणून मी घाबरून हात फिरवून पाहिला. अंगाभोवती काही आवळलं गेलं की बरीच मांजरं अशीच थिजतात किंवा कुशीवर पडतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा सांगणारं कुणी असतं तर तिचे आणि माझे काही आठवडे वाचले असते. म्हणून हा धागा काढतेय. तुमचं जमलेलं आणि फसलेलं, दोन्ही लिहा.

माझ्यापुरतं सांगते. हार्नेस काढून घेतला आणि तिच्या झोपायच्या चादरीवर नुसता ठेवून दिला. तीन दिवसांनी ती त्याच्यावरच डोकं टेकून झोपली. मग रोज जेवणाआधी पाठीवर ठेवायचा, खाऊ द्यायचा, उचलायचा. क्लिपच्या ‘चट्’ आवाजाला ती दचकायची, म्हणून तो आवाज आधी लांबून ऐकवला आणि प्रत्येक वेळी खाऊ दिला. हार्नेस घालून ती आपणहून खिडकीवर उडी मारायला लागली, त्या दिवशी दोरी लावली. एक महिना आम्ही घराबाहेर पाऊल टाकलं नाही. तो महिना वाया गेला असं मला आजही वाटत नाही.

पहिल्या दिवशी बाहेर किती वेळ होतो? चार मिनिटं. दारासमोरच.

बोक्याचा बाबा

आमची चूक लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. मोटरसायकलचा आवाज आला, बोक्या बिचकला आणि मी दोरी समोरून ओढली. त्याने मान खाली घातली, मागे सरकला आणि हार्नेसमधून अक्षरशः ओघळून बाहेर पडला. मांजराचं गळपट्टीचं हाड बाकीच्या सांगाड्याला जोडलेलंच नसतं, स्नायूंत नुसतं तरंगतं. त्यामुळे जिथून डोकं जातं तिथून खांदेही जातात. तीन तास शोधलं. होता कुठे, तर पंधरा पावलांवर जिन्याखालच्या सांदीत, हाकेला अजिबात ओ न देता. घाबरलेलं मांजर बहुधा लांब पळत नाही, जवळच दडून बसतं आणि ओळखीच्या आवाजालाही उत्तर देत नाही. त्यामुळे शोधायला लागलात तर आधी वाकून बघा.

तेव्हापासून: दोरी पाठीवरच्या कडीलाच, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. हार्नेस आणि अंग यांच्यात दोन बोटं जातील एवढीच जागा. बंद खोलीत तो मागे सरकून सुटतो का, हे आधी तपासून घेतलं. तो अडला तर मी ओढत नाही, त्याच्यापाशी जाऊन बसतो. कातडीखाली मायक्रोचिपही (ओळख पटवणारी चिप) बसवून घेतली. तांदळाच्या दाण्याएवढी असते, १५ अंकी क्रमांक असतो. पण चिप म्हणजे जीपीएस नव्हे. कुणी मांजर उचलून स्कॅनरखाली नेलं आणि तुमचा फोन नंबर नोंदलेला असला, तरच तिचा उपयोग.

काजळची ताई

एकच गोष्ट सांगते, पण फार महत्त्वाची आहे. मांजराला स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडू देऊ नका. आम्ही दिला, आणि दहा दिवसांत काजळ प्रत्येक उघड्या दाराकडे धावायला लागली. आता उचलूनच बाहेर नेते, बाहेर गेल्यावर खाली ठेवते, येतानाही उचलूनच आणते. दारापाशी ओरडत असेल तेव्हा कधीच निघायचं नाही, नाहीतर ओरडलं की दार उघडतं हे तिच्या डोक्यात पक्कं बसतं. आमची वेळ पहाटेची. उजाडताना आणि मावळताना मांजरं मुळातच जास्त तरतरीत असतात, आणि रस्त्यावर वर्दळही कमी असते.

घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही

बाहेर जायचं म्हणजे गोचीड-पिसवा आल्या. कुत्र्याचं औषध घरात होतंच, तेच थोडंसं मनीच्या मानेवर लावायला निघाले होते. सहज डॉक्टरांना फोन केला म्हणून वाचलो. कुत्र्यांच्या अशा काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याला नुकतंच लावलं असेल तर त्याच्या कुशीत मांजराला झोपूही देऊ नये.

लशींचंही तेच. बाहेर पाऊल टाकण्याआधी रेबीज आणि पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) यांची लस झालेली हवी. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू जमिनीवर, वस्तूंवर वर्षभर टिकू शकतो, आजारी मांजर समोर यावंच लागतं असं नाही. आणि बागेत नेत असाल तर लिलीपासून चार हात लांब. फुलातले परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

पांढऱ्या बोक्याची मावशी

उन्हाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. पारदर्शक घुमट असलेली पाठीवरची बॅग दिसायला छान, पण उन्हात आतली हवा पटकन तापते. एकदा आमचा बोका तोंड उघडून धापा टाकायला लागला. कुत्र्यासारखं धापा टाकणं मांजराच्या बाबतीत नेहमीचं नसतं, लगेच सावलीत न्या, आणि थांबलं नाही तर सरळ डॉक्टरांकडे. जमिनीवर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर तिथे पंजेही टेकवू नयेत. पांढऱ्या मांजरांच्या कानांच्या टोकांना उन्हाने कर्करोग होऊ शकतो, म्हणून आम्ही भर दुपारी बाहेर पडतच नाही.

डोंगरवाटेवरची सोनी

दोन वर्षं झाली, आता सोनी पायवाटेवर येते. पण ‘चालायला नेतो’ हा शब्दच मला चुकीचा वाटतो. परवा चाळीस मिनिटांत आम्ही जेमतेम दोनशे मीटर गेलो. त्यातली दहा मिनिटं एका दगडापाशी. मिशा पुढे आलेल्या, एक कान माझ्याकडे, एक झुडपाकडे, आणि पक्षी दिसल्यावर जबड्याची ती बारीक कटकट. मी शेजारी मांडी घालून बसलो होतो. घाई असेल त्या दिवशी तिला नेऊच नये.

पिशवी नेहमी उघडी आणि जवळ ठेवतो. कुत्रा आला तर तिला हातात धरत नाही, घाबरलेलं मांजर आपल्यालाच ओरबाडतं. ती स्वतः पिशवीत शिरते, मी चेन लावतो. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत दोरी आखूड, झुडपांपासून लांब.

म्हाताऱ्या मांजरीची मुलगी

आमची ठकी अकरा वर्षांची. चार वेळा प्रयत्न केला. बाहेर ठेवलं की पोट जमिनीला टेकवून बसायची, कान पडलेले, डोळ्यांत बाहुलीच बाहुली. फरशीवर तिच्या पंजांचे ओलसर ठसे उमटलेले दिसले. भीतीने मांजरांच्या तळव्यांना घाम येतो. मी तिथेच थांबले. आता खिडकीला जाळी लावलीय, आणि मी फिरून येताना तिच्यासाठी एखादं वाळकं पान आणते. ते ती दहा-दहा मिनिटं हुंगते. नेलंच पाहिजे असं काही नाही ना?

चिंगीची आई

ताई, नाही. अजिबात नाही. आणि त्या ठशांचं लिहिलंत हे फार बरं केलंत. पहिल्या दिवशी चिंगीचेही दारासमोर उमटले होते, मला वाटलं पाण्यातून चालून आली. आज सकाळी मुद्दाम वाकून पाहिलं. फरशी कोरडी होती.