ब्रूइंगचं दुकान बंद झालं की सगळं ऑनलाइन मागवायचं? माझं मत: नाही

साका_उपसे

घरी बिअर करणाऱ्यांना सामान पुरवणारं दुकान बंद झालं की सांत्वनाचं एकच वाक्य ऐकू येतं: त्यात काय एवढं, ऑनलाइन सगळं मिळतं. मिळतं, कोण नाही म्हणतंय? पण दुकानाच्या जागी वेबसाइट आणून बसवली आणि बाकी सवयी तशाच ठेवल्या, तर वर्षभरात माणूस हा नाद सोडतो. आजवर आपण आधी रेसिपी ठरवायचो आणि मग यादी घेऊन दुकान गाठायचो. आता आधी कपाट उघडायचं, आहे काय ते बघायचं आणि त्यातून रेसिपी काढायची.

वजनाचा हिशेब करा. साधारण ५ टक्क्यांची २० लिटर बिअर करायला ४.५ किलोच्या आसपास माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) लागतं. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारे वेलीचे तुरे, ५०-१०० ग्रॅम, आणि कोरड्या यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. म्हणजे पार्सलचं ओझं जवळजवळ सगळं माल्टचं. दर वेळी पाच-पाच किलो मागवणं म्हणजे कुरिअरवाल्याला पोसणं. म्हणून बेस माल्टचं, म्हणजे बिअरमध्ये मुख्यतः लागणाऱ्या साध्या माल्टचं, २५ किलोचं पोतं घ्यावं, आणि तेही अख्ख्या दाण्याचं. कोरड्या, थंड जागी घट्ट झाकणाच्या डब्यात ते वर्षभर छान राहतं. भरडून आलेलं माल्ट काही आठवड्यांतच आपला ताजा वास गमवायला लागतं.

भाजक्या चवीचं माल्ट वेगळं मागवायची गरज नाही. त्याच पोत्यातलं ट्रेमध्ये पातळ पसरून १७५ अंशांना अर्धा-पाऊण तास भाजा, मधूनमधून हलवा, आणि मग आठ-पंधरा दिवस कागदी पिशवीत विसरून जा. ताजं भाजलेलं लगेच वापरलं तर बिअरला उग्र, जळकट वास लागतो.

यीस्ट तर एकदा घरात आल्यावर पुन्हा विकत घ्यायचं कशाला? फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) तळाचा साका, म्हणजे खाली बसलेलं यीस्ट, निर्जंतुक बरणीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा, झाकण घट्ट आवळू नका. कडक किंवा फार कडू बिअरचा साका तेवढा टाळा, त्यातलं यीस्ट आधीच दमलेलं असतं. चार-पाच पिढ्या आरामात चालतं.

एक बेस माल्ट, दोन हॉप्स, एक यीस्ट. बास.

कॅटलॉगवाला

साफ असहमत. पोतं संपायला पाच-सहा बॅच लागतात. जो दोन महिन्यांतून एकदा ब्रू करतो त्याला ते वर्षभर पुरणार, म्हणजे वर्षभर त्याच्या डोक्यावर एकच माल्ट. फिकट पिल्सनर माल्ट घेतलं तर इंग्लिश बिटर बिअरची ती बिस्किटासारखी चव कुठून आणणार? भट्टीत भाजून थोडी येते, सगळी येत नाही.

आणि दुकानाचं एवढं कौतुक कशासाठी ते मला खरंच कळत नाही. ज्या दुकानात मी जायचो तिथे हॉप्स पारदर्शक पिशवीत, ट्यूबलाइटखाली, खिळ्याला टांगलेले असायचे. हॉप्सचे तीन शत्रू म्हणजे उष्णता, उजेड आणि हवा, आणि तिथे तिघांचीही सोय! जुने झाले की त्यांना मुरलेल्या चीजसारखा वास येतो आणि पाकिटावर छापलेल्या अल्फा ॲसिडच्या (कडूपणा देणाऱ्या घटकाच्या) आकड्याला अर्थ राहत नाही. खप जास्त असलेला ऑनलाइन विक्रेता नायट्रोजन भरलेलं बंद पाकीट देतो, त्यावर पिकाचं वर्ष असतं. दुकानं बंद झाली ती आपण कृतघ्न म्हणून नव्हे, माल शिळा होता म्हणून.

साका_उपसे

हॉप्स दुरून मागवू नका असं मी कुठे म्हटलंय? हलकी वस्तू आहे, खुशाल मागवा. नवं पीक आलं की वर्षाचे एकदम घ्या आणि फ्रीझरमध्ये टाका. पोत्याला पर्याय सांगा.

कोरडा_अर्क

पर्याय हा घ्या: ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टच्या अर्काची कोरडी पावडर. ज्या बिअरला ४.५ किलो माल्ट लागतं तिला हे २.६-२.७ किलो पुरतं. भरडायचं यंत्र नको, मॅश (भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवणं) नको, चोथा कुठे टाकायचा हा प्रश्न नाही. रंग-चवीसाठी पाव किलो क्रिस्टल माल्ट कापडी पिशवीत घालून ६५-७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवलं की झालं. ऑल-ग्रेनवाले, म्हणजे सगळं दाण्यापासून करणारे, नाक मुरडतील, मुरडू देत. फक्त पाकीट फोडलं की ओल लागू देऊ नका, दगड होतो.

जुनं_गिऱ्हाईक

कॅटलॉगवाले, तुमचं दुकान वाईट होतं म्हणून सगळ्यांचंच वाईट ठरत नाही. चांगल्या दुकानात डब्यातलं माल्ट दोन दाणे तोंडात टाकून बघता यायचं. ताजा दाणा कुरकुरीत फुटतो, ओल धरलेला चामट लागतो. ही परीक्षा फोटोवरून करून दाखवा. शिवाय १५० ग्रॅम चॉकलेट माल्ट हवं असलं तर १५० ग्रॅमच मिळायचं.

मी सध्या काय करतो ते सांगतो. छोटी व्यावसायिक ब्रुअरी गाठतो. त्यांच्याकडे माल्ट पोत्यांनी येतं, एखादं जास्तीचं पोतं मागवून द्यायला बरेच जण तयार होतात. आणि यीस्ट त्यांच्याकडे अक्षरशः गटारात जातं. आधी विचारून, टाकी रिकामी करायच्या दिवशी, स्वच्छ बरणी घेऊन जायचं. बदल्यात आपली एखादी बाटली द्यायची आणि ते जी नावं ठेवतील ती ऐकून घ्यायची. दुकानातला सल्ला असाच तर असायचा.

मोड_आणा

तुम्ही सगळे पोत्यातच का अडकलात? माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. दोनेक दिवस भिजवायचे, मधे मधे पाणी काढून दाण्यांना हवा द्यायची. मग १५ अंशांच्या आसपास चार-सहा दिवस पसरून ठेवायचे आणि रोज हात फिरवायचा, नाहीतर मुळांची जटा होते. सालीखालचा कोंब दाण्याच्या पाऊण लांबीइतका झाला की थांबायचं. वाळवताना घाई नको: आधी ५० अंशांच्या आत, पुरतं सुकल्यावर ८०-८५ अंश. ओल्या दाण्याला एकदम ताव दिला तर एन्झाइम मरतात, आणि मग मॅशमध्ये पिठाची साखर करणार कोण?

एक गोष्ट कोणी विसरू नका. पेरणीचं बियाणं कधीही वापरायचं नाही. त्यावर बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा म्हणूनच ते गुलाबी किंवा लाल दिसतं. धुऊन जाईल असं समजू नका. खाण्यासाठीचेच जव घ्या, आणि सोललेले नव्हे. सोललेल्याला मोड येत नाही.

कॅटलॉगवाला

आठवडाभर जवांना हात फिरवत बसायचं, आणि वर फ्युझेरियमसारखी बुरशी धरली तर सगळी रास फेकायची. प्रत्येक खेपेला एन्झाइमची ताकद वेगळी. मॅशचा थेंब बशीत घेऊन त्यात आयोडीन टाका, निळा-काळा झाला तर स्टार्च तसाच पडलाय. मग पुन्हा वाट बघा. हे एकदा गंमत म्हणून ठीक आहे. दुकानाला पर्याय म्हणून सांगू नका.

मोड_आणा

गंमत म्हणूनच तर सगळे करतोय ना? बिअर आयती मिळते.

नवा_भिडू

मध्येच विचारतो, ब्रेडचं यीस्ट चालेल का? आणि हॉप्स घरी लावले तर?

जुनं_गिऱ्हाईक

ब्रेडचं यीस्ट आंबवतं नक्की, जात तीच आहे, सॅकरोमायसीज सेरेव्हिसी. पण ते नीट खाली बसत नाही आणि बिअरला बऱ्याचदा ब्रेडचाच वास देतं. अडचणीत चालवून घ्या. कोरडं ब्रूइंग यीस्ट पोस्टाने व्यवस्थित येतं. जपायचं असतं ते द्रवरूप यीस्टला, उन्हाळ्यात ते पार्सलमध्येच निम्मं मरतं.

हॉप्सचा वेल लावायचा तर मादी रोपाचा कंद घ्या. पाच-सहा मीटर उंच चढतो, भरपूर तुरे यायला तिसरं वर्ष उजाडतं, आणि त्याला लांब दिवसांचा उन्हाळा नि थंड हिवाळा दोन्ही लागतात. अल्फाचा आकडा कळत नसल्याने ते कडूपणासाठी मोजता येत नाहीत, शेवटी वासापुरते घाला. घरात कुत्रा असेल तर उकळून उरलेला चोथासुद्धा त्याच्यापासून लांब ठेवा. हॉप्सने कुत्र्यांचं शरीर इतकं तापतं की जीव जाऊ शकतो.

हिशेबनीस

बाकीचं किरकोळ सामान वेगळं मागवायची गरजच नाही. बाटलीत फेस येण्यासाठी डेक्स्ट्रोजऐवजी घरातली साखर, लिटरला ६-७ ग्रॅम. डेक्स्ट्रोजपेक्षा ती थोडी कमीच लागते. भांडी घासायला सोडियम परकार्बोनेट, म्हणजे कपड्यांच्या ऑक्सिजन पावडरीतला मुख्य घटक, मात्र बिनवासाची घ्या. निर्जंतुक करण्याच्या द्रावणावर काटकसर नको.

पोत्याचा वाद मिटवायचा तर तिघांनी मिळून तीन वेगवेगळी पोती घ्या आणि वाटून घ्या. कॅटलॉगवाल्यांना तीन माल्ट मिळतील, साका_उपसेंना कुरिअर नको.

कॅटलॉगवाला

हे जमेल, पण भरडून नको. प्रत्येकाने आपापलं भरडावं. बॅगेत मॅश करणाऱ्याला बारीक लागतं आणि मला नाही, माझी गाळणी तुंबते.

साका_उपसे

चालेल. एक पोतं पिल्सनरचं, एक पेल एलचं. तिसरं गव्हाचं घ्यायचं की म्युनिकचं?

कोरडा_अर्क

म्युनिक. आणि वाटायला वजनकाटा कोणी तरी आणा, गेल्या वेळी अंदाजपंचे वाटलं होतं.