धागा: दुबईतली शाळा – दाखला, फी आणि शेंगदाण्याचा कूट

खाडीपलीकडे
आज कपाट आवरताना शिक्के मारून मारून जाड झालेला शाळेचा दाखला हाती लागला आणि सगळी धावपळ आठवली. सध्या पुण्या-मुंबईहून बरेच जण इकडे येतायत, तेच तेच प्रश्न विचारतायत. म्हणून हा धागा. कोणाला किती मनस्ताप झाला ते राहू दे, नेमकं काय करायचं ते लिहा.

मी वर्षापासून सुरुवात करते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश-अमेरिकन-आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) ऑगस्टअखेरीस. तिकडची पाचवी उरकून जूनमध्ये येणारं मूल सीबीएसईत गेलं तर सहावीचे दोन-अडीच महिने आधीच होऊन गेलेले असतात, आणि लगेच जुलै-ऑगस्टची उन्हाळी सुट्टी. ब्रिटिशमध्ये गेलं तर सगळ्यांबरोबर पहिल्या दिवसापासून.

आता आकड्याचा घोळ. ब्रिटिश इयर आपल्या इयत्तेच्या एक पुढे असतं. आपली सहावी म्हणजे इयर ७. पाचवी झाली, आता सहावी, म्हणून अर्जात 'इयर ६' लिहिलंत की मूल पुन्हा पाचवीतच बसलं. इयर ७ पासून माध्यमिक विभाग, तिथे फीसुद्धा बहुतेक ठिकाणी उडी मारते.

ठाणे_टू_नाहदा
दाखल्याचं मी लिहितो, मोबाईलवरून आहे, चुका सांभाळा.

महाराष्ट्रात ज्याला एलसी म्हणतात त्यालाच इथे टीसी म्हणतात. दुसरी (इयर ३) आणि वरच्या वर्गांना लागतो. साखळी अशी: शाळा, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (मुंबईत शिक्षण निरीक्षक), मग राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास/वाणिज्य दूतावास, आणि इथे आल्यावर इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मधली कडी गाळली की पुढचा खिडकीवाला परत पाठवतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक: एजंट अपोस्टिल (हेग करारातल्या देशांत चालणारा एकच शिक्का) करून देतो. अमिराती हेग करारात नाही, त्यामुळे अपोस्टिलचा इथे उपयोग नाही. 'दूतावास साक्षांकन' असे शब्द वापरूनच काम सांगा.

दाखल्यावर उत्तीर्ण इयत्ता आणि शाळा सोडल्याची तारीख स्पष्ट हवी. मराठीत असेल तर इंग्रजी प्रत शाळेकडूनच मागून घ्या. दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, त्यात वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही. शिक्के मारायच्या आधी नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. नंतर दुरुस्ती म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

कडीपत्ता
जन्मदाखलापण त्याच फेरीत करून घ्या, व्हिसाला लागतोच. दोनदा कुरिअर कशाला.

बर्शाकर
फी. प्रत्येक शाळेचं फी-पत्रक केएचडीएच्या (दुबईतल्या खाजगी शाळांवर देखरेख करणारं सरकारी खातं) संकेतस्थळावर असतं, इयत्तेनुसार. शाळेच्या माहितीपुस्तिकेवर जाऊ नका, तेच उघडा. बस, गणवेश, पुस्तकं, आयपॅड/लॅपटॉप, बोर्डाच्या परीक्षेची फी हे ट्यूशन फीच्या वर. फीवाढ शाळेच्या मनावर नसते, केएचडीए दरवर्षी जाहीर करते त्या खर्चाच्या निर्देशांकात बसवावी लागते. २०२४-२५ ला तो २.६ टक्के होता, २०२५-२६ ला २.३५. पण मूल वरच्या वर्गात गेलं की त्या वर्गाची फी लागते, ती वाढ वेगळी. त्यामुळे आजच्या इयत्तेची फी बघून बजेट मांडू नका, बारावीपर्यंतचा रकाना खाली वाचत जा.

कंपनी शिक्षणभत्ता देत असेल तर दोनच प्रश्न विचारा: थेट शाळेला भरणार की पावती दिल्यावर परत करणार? बिल कोणाच्या नावाने हवं? परत करणार असेल तर पहिल्या सत्राचा पैसा खिशातून उभा करावा लागतो, त्याच महिन्यात घरभाड्याचा चेकही असतो.

मध्येच शाळा सोडली तर: दोन आठवड्यांपर्यंत हजेरी असेल तर एका महिन्याची फी कापतात, दोन आठवडे ते महिना असेल तर दोन महिन्यांची, महिन्याच्या वर पूर्ण सत्राची. जागा धरायला आधी भरलेली रक्कम पुढे फीतून वजा होते, पण तुम्हीच आला नाहीत तर ती परत मिळेलच असं धरू नका.

खाडीपलीकडे
@बर्शाकर रकाना खाली वाचत जा 👌 हे कोणी सांगत नाही.

नंदादीप७
केएचडीए शाळा तपासून रेटिंग देते, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. 'आउटस्टँडिंग', 'व्हेरी गुड' हा शिक्का किती जुना आहे ते बघा. २०२४-२५ पासून नेहमीच्या पूर्ण तपासण्या थांबवल्यात, म्हणजे बहुतेक शाळांचं रेटिंग २०२३-२४ चं आहे. मधल्या काळात मुख्याध्यापक बदलले असतील तर ती शाळा वेगळीच समजा.

अहवाल पूर्ण वाचायला वेळ नसेल तर फक्त तक्ता वाचा. विषय आणि टप्प्याप्रमाणे 'कुठवर पोचलेत' आणि 'किती प्रगती केली' असे दोन वेगळे शेरे असतात. हुशार मुलंच निवडून घेणाऱ्या शाळेत पहिला शेरा आपोआप चांगला येतो. शिकवतात कसं ते दुसऱ्यात दिसतं.

अरबी अनिवार्य आहे, आपल्या मुलांना नववीपर्यंत. सातवी-आठवीत नव्याने येणाऱ्या मुलाला वयाप्रमाणे बसवतात की अरबी किती वर्षं शिकलाय त्याप्रमाणे, हे भेटीत विचारा. वयाप्रमाणे बसवत असतील तर अलिफ-बे न येणारं मूल परिच्छेद वाचणाऱ्या वर्गात जाऊन बसतं.

कडीपत्ता
प्रवेशपरीक्षेला क्लास लावायचा का?

नंदादीप७
@कडीपत्ता कॅट४ (बऱ्याच शाळा घेतात ती तर्कक्षमतेची चाचणी) असेल तर नको. त्यात शब्द, आकडे, आकृत्या आणि अवकाश-कल्पना असे चार भाग असतात, पाठांतराचं काही नाही. सरासरी १०० धरतात, वयाप्रमाणे. नमुना एकदा दाखवा म्हणजे संगणकावर गोंधळ होणार नाही. इंग्रजी निबंध मात्र वेगळा घेतात, मराठी माध्यमातली मुलं तिथे अडतात. तयारी त्याची करा.

वांद्रेवाली_मावशी
अहो शाळा निवडताना आधी हे ठरवा की मूल बारावीनंतर कुठे जाणार!! बाकी सगळं नंतर.

भारतात परतायचं असेल तर निकालाच्या तारखा बघा. आयबीचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात, केंब्रिज ए-लेव्हलचा (म्हणजे त्यांची बारावी) ऑगस्टच्या मध्यावर. आयजीसीएसईचाही (त्यांची दहावी) ऑगस्टमध्येच, तोवर महाराष्ट्रातली अकरावीची प्रवेशप्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते. केंब्रिजची मार्चची परीक्षा फक्त भारतातल्या शाळांना आहे, दुबईतल्या मुलांना नाही. दहावीनंतर परतायचं नक्की असेल तर सीबीएसई सोपं पडतं.

मेडिकलसाठी आयबी घेणाऱ्यांनी नीट ऐका (नीट म्हणजे ती नीट पण 😄). फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही हवेत. आयबीच्या नेहमीच्या मांडणीत दोनच विज्ञान विषय बसतात, तिसऱ्यासाठी शाळेने आयबीकडे खास परवानगी मागावी लागते. इयर ११ मध्येच समन्वयकाला लेखी विचारा. इंजिनीअरिंगवाल्यांनी आयबीतलं गणित 'ॲनॅलिसिस'चं घ्यावं, 'ॲप्लिकेशन्स'चं सोपं वाटतं म्हणून घेतलं की पुढे बरीच दारं बंद.

ठाणे_टू_नाहदा
मावशी बरोबर. त्यात भर: अकरावी-बारावी इथे झाली तर एनआयटीसाठी डासा (परदेशात शिकलेल्या मुलांसाठीची प्रवेशयोजना) आहे, जेईई मेनच्या क्रमांकावर. त्यातच आखातात नोकरी करणाऱ्यांच्या मुलांचा वेगळा कोटा, त्याला भारतातल्या मुलांइतकीच फी. पालकांच्या नोकरीचा पुरावा लागतो, म्हणून बारावीच्या वर्षात व्हिसा बदलताना सांभाळून.

सकाळची_शिफ्ट
बस की गाडी? सालिक (दुबईचा रस्ता-टोल) मोजा. सकाळी ६ ते १० एका कमानीला ६ दिरहम, दुपारी ४ दिरहम. वाटेत दोन कमानी असतील तर सकाळी जाऊन-येऊन २४, दुपारी आणायला १६. रोजचे ४०, महिन्याचे २० दिवस धरले तर ८००, पेट्रोल वेगळं. आता बसची फी बघा, महाग वाटणार नाही. शारजात राहून दुबईची शाळा घेऊ नका, सकाळी ते ट्रॅफिक मुलाला झेपत नाही. शारजाची देखरेखही वेगळ्या खात्याकडे आहे, नियम वेगळे. शुक्रवारी अर्धा दिवस, त्या दिवशी कोण आणणार तेही ठरवून ठेवा.

कडीपत्ता
डब्याचं कोणीच बोलत नाही! बहुतेक शाळा नट-फ्री. म्हणजे कूट बंद. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, चटणी सगळं बाद. डाळ्याचा कूट चालतो, खिचडीत मात्र थोडा कमीच घाला, पिठूळ होते.

खाडीपलीकडे
तीळ?

कडीपत्ता
काही शाळा तीळपण नको म्हणतात. यादी मागून घ्या. शेंगदाण्याच्या तेलाचंही विचारा.

मेरिना_बे
सिंगापूरहून. इथे स्थानिक शाळेत जायचं तर परदेशी मुलांना एईआयएस परीक्षा, प्राथमिक २ ते ५ आणि माध्यमिक १ ते ३ साठीच. मातृभाषा विषयात हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू चालतात. मराठी नाही. त्यामुळे आपली मुलं हिंदी घेतात.

वांद्रेवाली_मावशी
गुजराती आहे आणि मराठी नाही?!

मेरिना_बे
हो ना.

सकाळची_शिफ्ट
डाळ्याचा कूट दाबेलीत चालेल का

कडीपत्ता
दाबेलीत मसाला शेंगदाणेच हवेत, ती घरी आल्यावर द्या. डब्यात डाळिंब आणि शेव घाला.