हस्ताच्या पावसात डोंगरातल्या तलावावर माशीचा गळ घेऊन जावे का?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

नमस्कार. गेली तीन वर्षे मी फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीने मासा धरण्याचा छंद, मनापासून शिकत आहे. संगमेश्वर तालुक्यात माझ्या मामांच्या गावाच्या वर, सह्याद्रीच्या पायथ्याशी एक लहान धरणाचा तलाव आहे. सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे पठार, चढून, पुढे रानातून दोन पऱ्ये (डोंगरातले ओढे) ओलांडून तिथे पोहोचायला अडीच तास लागतात. मला सुट्टी मिळते ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच. गेल्या वर्षी सकाळचे लख्ख ऊन पाहून निघालो आणि दुपारी दोनला पहिला थेंब पडल्यापासून पाऊण तासात दुसऱ्या पऱ्याचे पाणी मांडीपर्यंत चढल्यामुळे पलीकडेच अडकलो. मामा बॅटरी घेऊन शोधायला आले तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. या दिवसांत हवेचा अंदाज कसा घ्यावा, परत केव्हा फिरावे आणि गढुळलेल्या पाण्यात माशी चालते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सड्यावरचा, राजापूर

आपली चूक सकाळचे आकाश पाहून दिवसाचा निर्णय घेण्यात झाली. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरली जाते, म्हणजे आपली सुट्टी नेमकी हस्त नक्षत्रात, पाऊस जाता जाता गडगडत असतो त्या दिवसांत येते. सकाळी जमीन तापते, समुद्रावरचा दमट वारा सह्याद्रीला भिडून वर चढतो आणि दुपारपर्यंत घाटमाथ्यावर ढगांचे डोंगर उभे राहतात. याच काळात वरचे वारे पूर्वेकडून वाहू लागलेले असल्यामुळे ते ढग कोकणाकडे ढकलले जातात. आपण पायथ्याशी, तोंड तलावाकडे करून उभे असता आणि ढग कड्याच्या मागून येतो. तो दिसतो तेव्हा डोक्यावर आलेला असतो. म्हणून परतीची वेळ आकाशावर सोडू नये, ती घरीच ठरवावी. माझा नेम असा की पहाटे साडेपाचला निघायचे आणि अकराला, मासा लागत असला तरी, दोरी गुंडाळायची.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप वीज पडण्याची सूचना देते. परंतु रानात रेंज नसते, म्हणून सड्यावरून खाली उतरण्यापूर्वी ते एकदा पाहून घ्यावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे. फ्लाय फिशिंगची काठी कार्बन तंतूंची असते आणि तिच्यातून वीज वाहते, त्यामुळे ती तत्काळ खाली ठेवून पाण्यापासून, मोकळ्या सड्यापासून आणि एकट्या झाडापासून दूर व्हावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास काठी पुन्हा हातात घेऊ नये. शिवाय पहाटे सड्यावरून जाताना घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत. आपल्याकडच्या जांभ्यावर फुरसे हा विषारी साप असतो आणि तो पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

गळकरी, सावंतवाडी

गढूळ पाण्याबद्दल सांगतो. पाऊस पडून गेल्यावर पऱ्याचे तांबडे पाणी तलावात शिरते, पण सगळा तलाव एकदम गढूळ होत नाही. तांबड्या आणि निवळ पाण्याच्या मध्ये स्पष्ट रेघ दिसते. वाहून आलेले किडे आणि गांडुळे तिथे मिळतात, म्हणून मासे त्या रेघेच्या निवळ बाजूस थांबतात. तिथे काळी, जरा मोठी माशी बुडवून सावकाश ओढावी. गढुळात रंगापेक्षा माशीची काळी आकृती माशाला लवकर दिसते. मागे झाडी असेल तर दोरी मागे न फेकता पाण्यावरूनच गुंडाळी करत पुढे टाकण्याची रोल कास्ट शिकून घ्यावी. वादळापूर्वीचा गार झोत आला की गळ वाऱ्याबरोबर तोंडावर येतो, तेव्हा टोपी आणि चष्मा हवाच.

एक विनंती आहे. मरळ मासळी आपल्या पिलांच्या थव्याभोवती पहारा देत असेल तर तिच्यापुढे माशी टाकू नये. ती भुकेने नव्हे, पिलांसाठी झडप घालते, आणि तिला उचलले की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे मासा इजा न होता सुटतो.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

दोघांचेही आभार. दुसरा विचार चोरवणे गावावरून नागेश्वरमार्गे चढून शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, जाण्याचा होता. तो कसा वाटतो?

गळकरी, सावंतवाडी

तो विचार कृपया सोडून द्यावा. ते कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे. तिथे परवानगीविना पाऊल टाकणेही गुन्हा ठरते, मग गळ टाकणे दूरच. आंबोलीच्या हिरण्यकेशी नदीबद्दलही मला नेहमी विचारले जाते. तिथला शिस्टुरा हिरण्यकेशी हा लहानसा मासा २०२० मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे मासेमारी चालत नाही. आपल्या मामांच्या गावचा तलावही बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने दिलेला असेल, तेव्हा आधी संस्थेची परवानगी घ्यावी.

घाटपायथा, देवरूख

माझे माहेर अशाच पऱ्याच्या पलीकडे आहे, म्हणून पऱ्याबद्दल लिहिते. दादा, तुमच्या गोष्टीत तलावापेक्षा दुसरा पऱ्या मोठा आहे. जाताना पाण्याच्या काठाला लागून एक दगड ठेवा आणि तलावावर असताना दर तासाला तो पाहून या. दगड बुडाला, पाणी तांबूस झाले किंवा त्यात पालापाचोळा येऊ लागला, तर तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी वर घाटात पाऊस पडला आहे असे समजा आणि लगेच निघा. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगाने वाहत असेल तर उतरू नका. आमच्याकडचे पऱ्ये आखूड आणि उभ्या उताराचे आहेत. ते जसे झपाट्याने चढतात, तसे पाऊस थांबल्यावर बहुधा दोन-तीन तासांत उतरतातही. तेवढा वेळ बसण्यासाठी भाकरी, बॅटरी आणि कोरडा सदरा प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवा, आणि मामांना सांगून जा की दोन वाजेपर्यंत आलो नाही तर मी दुसऱ्या पऱ्याच्या पलीकडे बसलेलो असेन, म्हणजे त्यांना कुठे शोधायचे हे ठाऊक असेल आणि तेही अंधारात पाण्यात उतरणार नाहीत.