मदत हवी आहे: शिंपी, वटवट्या की आणखी कुणी?

प्रश्न
पुण्यात सोसायटीच्या कुंपणाला जास्वंद आणि घाणेरी माजली आहे. नोव्हेंबरपासून तिथे चिमणीपेक्षा लहान असे तीन प्रकारचे पक्षी दिसतात. दोघांची शेपटी उभी असते. तिसरा झुडपातून बाहेरच येत नाही, नुसतं ‘टक्... टक्’ ऐकू येतं. कसे ओळखायचे?

प्रतिसाद १
पहिल्या दोघांत शेपटीवर जाऊ नका, शिंपी आणि राखी वटवट्या दोघेही ती उभी धरतात. आधी डोकं पाहा. शिंप्याचा माथा विटकरी, पाठ शेवाळी हिरवी, पोट मळकट पांढरं. ओरडताना मान ताणली की गळ्याच्या बाजूला काळा डाग उघडा पडतो. राखी वटवट्याचं डोकं आणि पाठ राखी, पोट बदामी, डोळा तांबूस. उडताना तो पंखांचा ‘चट् चट्’ आवाज करतो, ही खूण अंधूक उजेडातही चालते.

घरट्यावरून मात्र ठरवू नका, पानं दोघेही शिवतात. आणि पुस्तकात राखी वटवट्याला हिवाळ्यात पांढरी भुवई (डोळ्यावरची रेघ) दाखवली असेल, तर तो उत्तर भारतातला. आपल्याकडचा वर्षभर असाच असतो. ठळक फिकी भुवई आणि मातकट पाठ दिसली, तर साधा वटवट्या. तो बहुधा गवतात सापडेल.

प्रतिसाद २
तिसरा बहुतेक ब्लाइथचा रीड वॉर्बलर. हिवाळी पाहुणा, एप्रिलपर्यंत परततो. अंगावर एकही खूण नाही, हीच पंचाईत. सरसकट तपकिरी, चोच लांब, भुवई चोचीपासून डोळ्यापर्यंतच काय ती दिसते. बूटेड वॉर्बलरही असंच टकटकतो, पण त्याची चोच आखूड आणि शेपटीच्या कडा पांढुरक्या. त्याला बाभळीचं उघडं रान आवडतं.

उंच झाडावरून ‘ची-वी’ आलं तर तो ग्रीनिश वॉर्बलर, पंखावर एक बारीक फिकी पट्टी असते.

सकाळी सातच्या सुमारास मोबाइलवर अर्धा मिनिट आवाज टिपा. त्याला बाहेर काढायला रेकॉर्डिंग वाजवू नका, पक्षी उगाच बिथरतात.

धागाकर्ता
पहिला शिंपीच. पण त्याच्यासोबतच्या एकाचा माथा विटकरी नाही, बाकी सगळं तसंच.

प्रतिसाद १
यंदाचं पिल्लू असणार. पिल्लांचा माथा आधी हिरवट असतो, विटकरी रंग नंतर चढतो. पाठ हिरवी आणि चोच लांब असेल, तर शंका नको.