सस्टेनला ‘टिकाव’ म्हणावं का?

अर्धमात्रा
बेस सिंथच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या, एका सॉफ्टवेअरचं मदतपान मराठीत करतेय. बाकीचं रेटून नेलं, पण एन्व्हलपच्या, म्हणजे सूर कसा चढतो, उतरतो, थांबतो ते ठरवणाऱ्या भागाच्या, चार नॉबांपाशी गाडी अडली. अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज यांना मी चढ, उतार, टिकाव, सोड असं लिहिलं. तपासणाऱ्याने नेमकी ‘टिकाव’वर लाल रेघ मारली. त्याचं म्हणणं, वाचणाऱ्याला हा वेळ वाटेल. चारांपैकी तीन नॉब खरोखरच वेळ सांगतात, मिलिसेकंदांत नाहीतर सेकंदांत. सस्टेन तेवढा पातळी सांगतो. पट्टी दाबून धरली की उतार संपल्यावर आवाज जिथे येऊन थांबतो, ती पातळी. किती वेळ थांबायचं ते बोट ठरवतं, नॉब नाही. मग शब्द काय घालू? उत्तर लवकर मिळालं तर बरं, पान अडून बसलंय.

लोखंडी_कान
‘टिकाव’ म्हटलं की मला आधी फावड्याचा जोडीदार आठवतो. बेस खणून काढायचाय का?

कोशकिडा
विनोद बाजूला ठेवू. ‘टिकाव लागणे’ यात काळ आहेच. अमक्यापुढे तमक्याचा टिकाव लागला नाही, म्हणजे तो फार वेळ उभा राहू शकला नाही. तपासणाऱ्याची हरकत रास्त आहे. ‘धृती’ घ्या. धारण करणे, धरून ठेवणे. छोटा शब्द आहे, नॉबखाली मावतो.

लोखंडी_कान
नॉबखाली मावेल, डोक्यात मावणार नाही. रात्री दोन वाजता गाणं जुळवत बसलेला पोरगा ‘धृती’ वाचून काय फिरवणार?

मंद्रमध्यम
आपल्याकडे यासाठी ‘आस’ आहेच की. तार छेडल्यावर मागे जो नाद रेंगाळतो ती आस. वादक मंडळी रोज वापरतात, नवा शब्द कशाला पाडायचा?

अर्धमात्रा
‘आस’ गोड आहे, पण इथे बसत नाही. छेडलेल्या तारेला सस्टेन नसतोच. छेडल्या क्षणापासून ती विझायलाच लागते, म्हणजे तिथे सगळा डिके. सस्टेन असतो गजाने वाजणाऱ्या किंवा फुंकायच्या वाद्याला, जोवर रेटा आहे तोवर पातळी तीच. सिंथवर तारेसारखा बेस हवा असेल तर सस्टेन शून्यावर नेतात आणि डिके दोन-चारशे मिलिसेकंदांच्या आसपास ठेवतात. त्या नॉबखाली ‘आस’ लिहिलं, तर आस शून्य केल्यावरच आस मिळते असं वाक्य होईल.

मंद्रमध्यम
मग रिलीजला द्या ‘आस’. बोट उचलल्यावर जे उरतं ते. ‘सोड’ हा शब्द कानाला बरा नाही लागत, कुणाला तरी दटावल्यासारखा वाटतो.

लोखंडी_कान
बेसमध्ये रिलीज मुळात आखूडच ठेवतात, नाहीतर एका सुराचं शेपूट पुढच्याच्या अंगावर पडून सगळा चिखल होतो. फार आखूडही चालत नाही. ५५ हर्ट्‌झच्या सुराचं एक आवर्तन सुमारे १८ मिलिसेकंदांचं. ते अर्ध्यात कापलं की ‘टक्’ असा आवाज येतो. अटॅकचंही तेच, शून्यावर ठेवला तर सुरुवातीला टिचकी ऐकू येते. काहींना ती हवीच असते, तिच्यामुळे बेस ढोलाच्या गर्दीतून वर येतो.

सुपारीफूल
इथे फक्त वाचायला येते, पण राहवलं नाही. ‘पातळी’ असा सरळ शब्द का नको? चढ, उतार, पातळी, सोड. सोप्पं.

अर्धमात्रा
जवळचं आहे. मी ‘स्थिर पातळी’पर्यंत आले होते. अडचण अशी की या सिंथमध्ये एन्व्हलप दोन आहेत. एक आवाजाच्या मोठेपणासाठी, दुसरा फिल्टरसाठी, म्हणजे नादातले काही सूर अडवणाऱ्या भागासाठी. दुसऱ्याच्या सस्टेनचा मोठेपणाशी थेट संबंध नाही. फिल्टर किती उघडा राहील ते तो ठरवतो. नुसती ‘पातळी’ वाचून लोक व्हॉल्यूम समजतील.

कोशकिडा
इथे खरं दुखणं ‘आवाज’ या शब्दाचं आहे. आवाज कमी कर, तिचा आवाज बसलाय, कसला आवाज झाला, या सिंथचा आवाज उबदार आहे. एकाच शब्दाने मोठेपणा, कंठ, गोंगाट आणि नादाचा पोत ही चारही कामं ओढायची. आधी नाद, ध्वनी, रव वेगळे करा, मग पुढची भाषांतरं आपोआप सुटतील. आणि फिल्टरला फिल्टर काय म्हणता? गाळणी म्हणा.

लोखंडी_कान
गाळणीत चोथा वर राहतो आणि हवं ते खाली उतरतं. लो-पास फिल्टरचं तसं आहे खरं, खालचे सूर जातात आणि वरचे अडतात. पण गाळणी एका रेषेवर अडवते, फिल्टर उतारावर अडवतो. करवती लाट घ्या, ५५ हर्ट्‌झची. तिच्यात ५५, ११०, १६५, २२० असे सगळे पूर्णपट असतात, दहावा पट मूळच्या एक दशांश जोराचा. कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून अडवायला लागतो ती जागा, २२० वर ठेवला म्हणून २२१ ला भिंत लागत नाही. २४ डेसिबलचा फिल्टर असेल तर त्यापुढच्या दर सप्तकाला साधारण तेवढी घट होत जाते. १२ डेसिबलचा असेल तर उतार सौम्य आणि बेस जास्त झणझणीत. म्हणून ‘कटऑफ’ला ‘छेदबिंदू’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तिथे काही छेदलं जात नाही, उतार तिथून सुरू होतो.

मंद्रमध्यम
आणि रेझोनन्स? अनुनाद, अनुस्पंदन, संस्पंदन असे तीन-तीन शब्द फिरतात. मला ‘जवारी’ आवडेल. नॉब चढवला की कटऑफच्या आसपासचे सूर जे झगमगायला लागतात, ते अगदी तंबोऱ्यासारखं.

अर्धमात्रा
इथे मात्र मी ठाम नाही म्हणणार. जवारीत तार घोडीला हलकेच घासते आणि नवे उपस्वर उमटतात. रेझोनन्स एरवी नवीन काही तयार करत नाही. फिल्टरमधून बाहेर आलेलं थोडं उलट करून पुन्हा आत घालतात, त्यामुळे कटऑफपाशी आधीच असलेले सूर उचलले जातात. जवारीच म्हणायचं तर डिस्टॉर्शनला, म्हणजे लाटेचा आकार मुद्दाम बिघडवण्याला, म्हणा. ते खरोखर नवे पट जन्माला घालतं.

कोशकिडा
डिस्टॉर्शनला परिभाषेत ‘विरूपण’ आहे.

लोखंडी_कान
ज्याने आवाज खुलतो त्याला विरूपण! बेसवाल्याला विचारा. मोबाइलच्या स्पीकरमधून ५५ हर्ट्‌झ जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. थोडं डिस्टॉर्शन दिलं की ११०, १६५, २२० जोर धरतात आणि तेवढ्यावरून मेंदू खालचा ५५ स्वतःच भरून काढतो. नसलेला सूर ऐकू येतो. नुसती साइन लाट, म्हणजे वरचा एकही पट नसलेली, असेल तर त्या स्पीकरवर बेस गायबच.
रेझोनन्सबद्दल एक राहिलंच. मूग या सिंथवाल्यांच्या शिडी-फिल्टरमध्ये, ज्याचं पेटंट १९६९चं, रेझोनन्स चढवला की खालचा भाग पातळ होतो. फिल्टर स्वतःच शिटी मारायला लागतो तिथवर गेलात तर कटऑफच्या बऱ्याच खालचे सूर १४ डेसिबलने उतरलेले असतात. बरीच सॉफ्टवेअरं ही घट भरून काढायची सोय देतात. मदतपानात हे घाला, शब्द कुठलाही असू दे.

सुपारीफूल
ऑसिलेटरला, म्हणजे मूळ लाट तयार करणाऱ्या भागाला, काय लिहिलंत? मी एका ठिकाणी ‘आंदोलक १’, ‘आंदोलक २’ आणि खाली ‘उपआंदोलक’ असं वाचलं. डोळ्यांसमोर मोर्चाच आला.

अर्धमात्रा
म्हणूनच ‘दोलक’ लिहिलंय. ‘आंदोलक १ आणि आंदोलक २ यांच्यात किंचित बेसूरपणा ठेवा’ हे वाक्य मी स्वतःच्या हाताने खोडलं.

कोशकिडा
खोडायला नको होतं. गायकीत ‘आंदोलन’ पिढ्यान्‌पिढ्या आहे, मोर्चेवाल्यांनी तो शब्द नंतर नेला. आपण आपला शब्द का सोडायचा?

लोखंडी_कान
कारण वाचणारा आज वाचतोय. बाकी त्या वाक्यात अर्थाचीही गंमत आहे. दोन दोलक १० सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) सरकवले तर ४४० हर्ट्‌झवर सेकंदाला अडीच हेलकावे येतात आणि रुंद, भरदार वाटतं. तेच १० सेंट ५५ वर ठेवले तर एक हेलकावा तीन सेकंदांहून लांब. मग काही सूर जोरात, काही मेल्यासारखे. बेस असा अधूनमधून का बुडतो म्हणून लोक हैराण होतात, आणि दोष स्पीकरला देतात.

मंद्रमध्यम
ग्लाइडला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला, तरी ‘मींड’ म्हणू द्या. यात कुणाची हरकत नसावी.

अर्धमात्रा
मींडच लिहिलंय. तरी एक कुरकुर आहे. मींड घेणारा मधल्या श्रुतींवर रेंगाळतो, कुठे किती थांबायचं ते त्याच्या मर्जीवर. इथे आपण फक्त वेळ ठरवतो, वाट यंत्राची. रोलँडच्या टीबी-३०३ या बेस सिंथवर, १९८१च्या, वेळही आपल्या हाती नव्हता. स्लाइड एक तर आहे किंवा नाही. आणि सस्टेनचा नॉब त्यावर नव्हताच. एन्व्हलपच्या चार टप्प्यांपैकी एकट्या डिकेला नॉब होता, तरी त्या पेटीचा बेस आजही लोक सॉफ्टवेअरमध्ये उतरवताहेत.

लोखंडी_कान
मग सस्टेनचा नॉबच काढून टाका, प्रश्न मिटला.

कोशकिडा
प्रश्न मिटायच्या आधी मुळावर या. अख्ख्या चर्चेत सगळे ‘बेस, बेस’ लिहिताहेत. आपल्याकडे ‘बेस झालं’ म्हणजे चांगलं झालं. खर्ज हा शब्द असताना ही वेळ का यावी?

मंद्रमध्यम
खर्ज म्हणजे षड्ज हो. ‘ष’चा ‘ख’ झाला आणि षड्जाचा खरज, खर्ज. म्हणजे ‘सा’. मंद्रातल्या पंचमाला खर्ज कसं म्हणणार? ‘मंद्र’ म्हणा.

सुपारीफूल
पण ‘खर्जातला आवाज’ म्हणताना कोण सा-रे-ग मोजतं? जाड, खालचा आवाज एवढाच अर्थ असतो.

मंद्रमध्यम
रूढ झालं म्हणून बरोबर होत नाही.

सुपारीफूल
मग कशाने होतं? शिवाय ‘ढाला’ पण आहे. ढाला सूर, ढाला आवाज.

कोशकिडा
‘ढाला’ विशेषण आहे, वाद्याचं नाव कसं करणार? ढाला सिंथ?

लोखंडी_कान
ढाला सिंथ की ढालं सिंथ? सिंथ ‘तो’ का ‘ते’? वाद्य म्हटलं तर ‘ते’, सिंथेसायझर म्हटलं तर ‘तो’.

कोशकिडा
‘तो’. आणि नॉबचं अनेकवचन ‘नॉब’च, वर ‘नॉबांपाशी’ लिहिलंय.

अर्धमात्रा
‘नॉबांपाशी’ हे सामान्यरूप आहे. दगडांपाशी, झाडांपाशी, तसं. सस्टेनचं काय?

कोशकिडा
दगड आणि झाड मराठी शब्द आहेत. परक्या शब्दाला सामान्यरूप लावायचं की नाही, यावर वेगळा धागा काढतो.