टॅब्लेट आले, पण शिकण्याची सूत्रे विद्यार्थ्यांच्या हाती कशी द्यावीत?

विज्ञानाचा तास (प्रश्न)

मी आठवीला विज्ञान शिकवतो. प्रत्येक विद्यार्थ्याला टॅब्लेट मिळाल्यापासून स्वाध्याय, छोट्या चाचण्या आणि व्हिडिओ एकाच अ‍ॅपवर असतात. चाचणी दिली की गुण लगेच दिसतात आणि पुढे काय करायचे तेही अ‍ॅपच सुचवते. काम वेळेवर पूर्ण करणाऱ्यांची संख्या वाढली आहे, हे मान्य करायला हवे. मात्र मुले स्वतःच्या शिकण्याची जबाबदारी घेतील ही जी अपेक्षा होती, ती पूर्ण होताना दिसत नाही. पूर्वी "सर, आता काय करू?" असे मला विचारणारा विद्यार्थी आता पडद्याकडे पाहतो, आणि पडदा तत्परतेने उत्तर देत असल्यामुळे तो प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही. उत्तर चुकले की बरोबर ठरेपर्यंत पर्याय बदलत राहणे, हा तर नित्याचा प्रकार झाला आहे. उपकरणे बाजूला ठेवण्याचा माझा विचार नाही. ती वेगळ्या रीतीने कशी वापरावीत, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

गणिताची वही

सर, तुमच्या वर्णनातच अडचणीचे मूळ आले आहे. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी स्वनियंत्रित अध्ययनाचे, म्हणजे स्वतःचे शिकणे स्वतः चालवण्याचे, तीन टप्पे मांडले आहेत: कामाआधी उद्दिष्ट आणि मार्ग ठरवणे, काम चालू असताना स्वतःवर लक्ष ठेवणे, आणि काम झाल्यावर निकालाची कारणे शोधणे. तुमच्या अ‍ॅपने पहिला आणि तिसरा टप्पा स्वतःकडे घेतला आहे, आणि मुलांकडे उरले आहे ते केवळ मधले काम. म्हणून कोणतेही साधन निवडताना मी एवढेच पाहते की, ते वापरताना कोणता निर्णय विद्यार्थ्याला घ्यावा लागतो.

एक छोटा बदल लगेच करता येईल. उत्तर पाठवण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नाला "मला किती खात्री आहे?" अशी एक ओळ जोडावी: पक्की, थोडी, अंदाजाने. बहुतेक ऑनलाइन फॉर्ममध्ये हे करता येते, आणि नाही जमले तर वहीच्या समासात खूण करणेही पुरते. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी 2001 मध्ये दाखवून दिले की, पूर्ण खात्रीने दिलेले उत्तर चुकीचे निघाले आणि त्यावर योग्य उत्तर कळले, तर ती चूक कमी खात्रीच्या चुकीपेक्षा अधिक वेळा दुरुस्त होते. "पक्की" खूण करून चुकलेले प्रश्न मुलाने स्वतः वेगळे काढावेत आणि पुढचा सराव त्यातूनच निवडावा. पर्याय बदलत राहण्याची सवयही याने कमी होते, कारण खात्री आधीच नोंदवलेली असते.

भाषेच्या वर्गातून

मला गुणांविषयी बोलायचे आहे. रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात काही मुलांना केवळ शेरे, काहींना केवळ गुण आणि काहींना दोन्ही देण्यात आले. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती केवळ शेरे मिळालेल्यांत. शेऱ्यासोबत गुण दिले की शेऱ्याचा उपयोग जवळजवळ नाहीसा झाला. तुमचे अ‍ॅप क्षणात गुण दाखवते, आणि एकदा आकडा दिसला की मुलाच्या दृष्टीने विषय संपतो. दीर्घ उत्तरांसाठी तरी गुण रोखून धरावेत, असे मी सुचवीन. गूगल क्लासरूममध्ये गुणांशिवाय काम परत करता येते आणि खासगी शेराही लिहिता येतो. मुलाने शेरा वाचून मसुदा सुधारावा, आपण काय बदलले आणि का बदलले ते दोन वाक्यांत लिहावे, आणि त्यानंतरच गुण द्यावेत. गूगल डॉक्समध्ये आधीच्या आवृत्त्या जतन होतात, त्यामुळे आपले लेखन कसे बदलत गेले हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. शिक्षकांना मात्र या सोयीचा वापर नक्कल पकडण्यापुरताच सुचतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

सावध मत

वरील दोन्ही सूचना उपयुक्त आहेत, पण निवड विद्यार्थ्यांवर सोपवली की ते योग्य तेच निवडतील, असे गृहीत धरू नये. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर 81 टक्के, तर एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना 75 टक्के मजकूर आठवला; आठवड्यानंतर मात्र हेच प्रमाण अनुक्रमे 42 आणि 56 टक्के झाले. पुन्हा वाचणाऱ्यांना तर आपल्याला अधिक लक्षात राहील असेच वाटत होते. म्हणजे मोकळीक मिळाली की मूल व्हिडिओ पुन्हा पाहील, कारण त्यातून समजल्याचे समाधान मिळते. घटक नवा असताना तर काय निवडावे हे कळण्याइतके ज्ञानच त्याच्याजवळ नसते.

त्यामुळे सुरुवातीला दोन-तीन चांगले मार्ग शिक्षकांनीच ठरवावेत आणि निवड त्यांपुरती ठेवावी: आकृती आठवून काढणे, स्वतः प्रश्न तयार करणे, किंवा अँकीसारख्या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये प्रश्नोत्तरांची कार्डे करून वाढत्या अंतराने उजळणी करणे. कार्डे मुलांनीच लिहावीत. आयती मिळालेली कार्डे म्हणजे पुन्हा दुसऱ्याचीच निवड. घटक हाताशी आला की मर्यादा सैल करावी.

आणखी एक. अ‍ॅपमध्ये तारे-बिल्ले असतील, तर शक्य तेथे बंद करावेत. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी 1999 मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा काम केल्याबद्दल मिळणाऱ्या अपेक्षित बक्षिसांमुळे मुळातली आवड कमी होते, असे दिसून आले.

विज्ञानाचा तास

सर्वांचे आभार. खात्रीची नोंद पुढच्या घटकापासून सुरू करतो. एक शंका उरते. संस्थेला दर आठवड्याचा प्रगती अहवाल हवा असतो आणि पालकही गुण विचारतात. गुण रोखून धरले तर त्यांना काय सांगावे?

गणिताची वही

अहवाल थांबवण्याची गरज नाही, सर; तो आधी कोणाला दिसतो, एवढेच बदलावे. आमच्याकडे आठवड्याची माहिती प्रथम विद्यार्थी पाहतो, "काय जमले, काय अडले, पुढे काय करणार" हे स्वतः लिहितो, आणि मग तो मजकूर अहवालात जोडून पालकांकडे जातो. सुरुवातीला "सगळे जमले" अशीच वाक्ये येतात. तेव्हा "कोणत्या प्रश्नावरून कळले?" एवढे विचारून कागद परत द्यावा. गुण राहिलेल्या कामापुढे "सुधारणा चालू" असे लिहिलेले संस्थेलाही चालते, असा माझा अनुभव आहे. मात्र त्याची कल्पना सत्राच्या सुरुवातीलाच देऊन ठेवावी.